हरवलेल्यांचे भिकननाना

भिकननानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चपला हातात घेऊन आमच्या ऑफिसचा जिना चढत होते. सखुबाईंनी नुकतीच लादी पुसली होती. कुणी गावाकडचे गृहस्थ जाहिरात द्यायला आले असतील असं समजून मी म्हटलं, "आजोबा, चप्पल घालून या, चालेल."

"मला चालंल हो," ते म्हणाले, "त्या बाईंना चालणार नाही."

आमची वाहिनी म्हणजे जळगावातल्या एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. दोन कॅमेरे, एक कुरकुरणारा एसी, आणि सगळीकडे लक्ष घालणारे मालक सुरेशशेठ. मी तिथे तेव्हाही होते, आजही आहे. फोन घेणं, मजकूर लिहिणं, कार्यक्रम वेळेवर सुरू करणं ही माझी कामं. नाना धुळ्याचे. आडनाव देसले. एसटीत आधी कंडक्टर, नंतर बरीच वर्षं धुळे स्टँडवर वाहतूक नियंत्रक. काचेच्या केबिनमध्ये बसून कोणती गाडी कुठे लागली ते भोंग्यावरून सांगायचे.

एकदा सुरेशशेठ धुळ्याला गाडीची वाट बघत उभे होते आणि भोंग्यावरून आवाज आला, "निळ्या फ्रॉकची चिमी कंट्रोल केबिनमध्ये बसून शेंगदाणे खाते आहे. तिच्या आईने सावकाश यावं. धावू नये. फरशी ओली आहे." सुरेशशेठ स्वतःची गाडी सोडून केबिनपाशी गेले. नाना रिटायर झाले त्याच्या पुढच्याच महिन्यात सुरेशशेठच्या बोलावण्यावरून ते आमच्या जिन्यात उभे होते.

कार्यक्रमाचं नाव होतं 'हरवले आहेत'. लोक मात्र 'नानांचं' म्हणायचे. दुपारी तीन वाजता चहाच्या टपरीवर, दवाखान्याच्या बाकावर, केळीच्या बागेत मोबाईलवर, सगळीकडे 'नानांचं' लागलेलं असायचं. त्यात असायचं काय, तर हरवलेल्या माणसांच्या नोटिसा. टेबलामागे अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या शर्टातला एक सावळा, जाड भिंगांचा माणूस कागद वाचतोय, बस. आमच्या कॅमेरामनने, संदीपने, पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडाला पावडर लावायचा प्रयत्न केला. नानांनी त्याचा हात धरला. "तोंडले पावडर लाई ते मानसं माले वयखतीन कसं?" लोक ओळखणार नाहीत म्हणून लावली नाही ती नाहीच.

वाचताना प्रत्येक नोटीस आधी मराठीत, मग अहिराणीत. कागदावर 'वेडसर' असं लिहून आलं तर ते पेनाने खोडायचे आणि वर लिहायचे, 'थोडं विसरतात'. 'पळून गेली' असेल तर 'घरातून निघाली आहे'. शेवटी कागद बाजूला ठेवून कॅमेऱ्यात बघायचे आणि हरवलेल्या माणसाशीच बोलायचे. "आबा, ऐकत असाल तर जिथे आहात तिथेच बसा. पाणी प्या. आम्ही येतो." हे 'आम्ही येतो' लोकांच्या तोंडी बसलं होतं. शाळेतली पोरं एकमेकांना चिडवताना तसंच म्हणायची.

नोटीस घेऊन येणाऱ्याला ते एक प्रश्न हमखास विचारत, "पायात काय होतं?"

लोक गोंधळायचे. शर्टाचा रंग सांगता यायचा, उंची सांगता यायची, पायातलं कुणालाच माहीत नसायचं. नाना म्हणायचे, "ताई, स्टँडवर एवढी वर्षं काढली. माणूस शर्ट बदलतो, दाढी वाढवतो, पण चप्पल तीच असती. आणि हरवलेला माणूस खाली मान घालून बसतो. बघणाऱ्याला त्याचं तोंड दिसतच नाही, पाय दिसतात."

असोद्याचा एक शेतकरी वडिलांची नोटीस घेऊन आला होता. सोबत आठ-नऊ वर्षांची त्याची मुलगी. पांढरा सदरा, धोतर, टोपी असं सगळं त्याने सांगितलं. नानांनी पायातलं विचारलं.

"आता ते कोन पाह्यते, नाना?"

मुलगी मध्येच बोलली. "आबाच्या एका पायात त्याह्यची चप्पल होती अन् एका पायात माही. गुलाबी. फुलाची."

नानांनी तेवढंच तीन वेळा वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भुसावळ स्टेशनवरच्या चहावाल्याचा फोन आला. "गुलाबी चप्पलवाले आबा माझ्याजवळ बसलेत. दोन चहा झाले. आता भजी मागताहेत."

अशा गोष्टी सांगायला सोप्या असतात. लोकांनाही त्याच आवडतात. पण नाना ज्या एका गोष्टीमुळे नाना झाले, ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. मला माहीत आहे, कारण तो फोन मी घेतला होता.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली रेखा नावाची सून घरातून निघून गेली होती. नवरा आणि सासरा नोटीस घेऊन आले, रडले. नानांनी नेहमीसारखं वाचलं आणि शेवटी म्हणाले, "रेखाताई, घरी या. कोणी काही बोलणार नाही. मी सांगतो." तिसऱ्या दिवशी ती परत गेली. आम्ही ऑफिसात पेढे वाटले. आठवडाभराने कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी फोन आला. बाईचा आवाज होता. मी स्पीकर लावला.

"नाना, तुमी म्हनले होते कोनी काही बोलनार नाही. बोललं नाही कोनी. मारलं."

एवढं बोलून तिने फोन ठेवला. तीन वाजले. त्यांनी कार्यक्रम केला, सगळ्या नोटिसा वाचल्या. फक्त शेवटी कागद बाजूला ठेवून कॅमेऱ्यात बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. कुठे गेले होते ते मला फार पुढे रेखाकडूनच कळलं. धुळ्याहून तीन गाड्या बदलून ते तिच्या गावी पोचले होते. अंगणात उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. सगळ्या घरासमोर तिला म्हणाले, "चूक माझी आहे. मी यांना न विचारता माझ्या तोंडाने शब्द दिला. तुला राहायचं असंल तर रहा. जायचं असंल तर परतीच्या गाडीला अजून पाऊण तास आहे." ती पाऊण तासात निघाली. चोपड्याला तिचं माहेर होतं. तिच्या आईच्या दारापर्यंत ते सोबत गेले आणि तिथून रिकाम्या पोटी परत फिरले. चहासुद्धा घेतला नाही, असं ती म्हणाली.

तेव्हापासून नानांचा दुसरा प्रश्न सुरू झाला. नोटीस आणणाऱ्याला समोर बसवून विचारायचे, "परत आल्यावर रागावणार नाही ना?" माणूस घाईने "नाही नाही" म्हणायचा. नाना थांबायचे, पाणी द्यायचे, परत विचारायचे. दुसऱ्या वेळचं उत्तर ऐकून ते ठरवायचे. पटलं तर टीव्हीवर म्हणायचे, "घरचे रागावणार नाहीत. मी दोनदा विचारलंय." नाही पटलं तर फक्त एवढंच, "सुखरूप असाल तर कळवा. यायची घाई नाही."

दोन वर्षांपूर्वी अमळनेरकडचे एक वजनदार गृहस्थ मुलीचा फोटो घेऊन आले. सोबत चार माणसं. मुलगी वीस वर्षांची, कॉलेजला जाणारी. मनावर परिणाम झालाय, म्हणाले.

"पायात काय होतं?"

"चपला घरीच आहेत तिच्या. सगळ्या."

नानांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे पोर अनवाणी गेली, भाऊ?"

गृहस्थ म्हणाले, "तुम्ही फोटो दाखवा. बाकीचं आम्ही बघतो."

तो दुसरा प्रश्न नानांनी त्यांना विचारलाच नाही. कागद घडी करून खिशात ठेवला. त्याच दुपारी मुलीचा फोन आला. "नाना, माझा फोटो दाखवू नका. मी हरवलेली नाही." एवढं बोलून ती रडायला लागली. ती जळगावातच एका मैत्रिणीच्या खोलीवर होती. नाना आणि मी तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. एका महिला अधिकाऱ्याने तिचा जबाब घेतला. मुलगी सज्ञान होती, स्वतःच्या मर्जीने निघाली होती, तसं लिहून झालं. पुढची सोयही त्या बाईंनीच लावली. जबाब होईपर्यंत नाना बाहेर बाकावर बसून होते. मुलगी बाहेर आली तेव्हा त्यांनी तिला एक पिशवी दिली. वाटेत मध्येच रिक्षा थांबवून ते कुठे उतरले होते ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. पिशवीत सँडल होते, एक नंबर मोठे.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ ऑफिसात आले. आवाज खालच्या रस्त्यापर्यंत गेला. सुरेशशेठ घाबरले. वाईट माणूस नाही तो, पण वाहिनी चालवायची असते. त्यांनी 'हरवले आहेत' बंद केलं, काही दिवस असं म्हणाले.

नाना रोज आले. धुळ्याहून नेहमीच्या गाडीने यायचे, चपला हातात घेऊन जिना चढायचे, बाहेरच्या बाकावर बसायचे. येणाऱ्याच्या नोटिसा लिहून घ्यायचे, दोन्ही प्रश्न विचारायचे, मग एकेका स्टँडला, रिक्षा संघटनेला, ओळखीच्या कंडक्टरला फोन करायचे. आठ दिवस असं चाललं. इकडे माझ्या टेबलावरचा फोन 'नानांचं का नाही लागलं?' म्हणून वाजत राहिला. नवव्या दिवशी सुरेशशेठ बाहेर येऊन म्हणाले, "चला नाना. आत एसी आहे."

मी एकदा विचारलं होतं, "त्या दिवशी भीती नाही वाटली?"

"वाटली ना," नाना म्हणाले. "पण त्या पोरीला माझ्यापेक्षा जास्त वाटत होती."

गेल्या हिवाळ्यात, एका गुरुवारी, कार्यक्रम करून नाना पाचच्या गाडीने निघाले. पारोळ्याच्या पुढे त्यांचं डोकं शेजारच्या माणसाच्या खांद्यावर टेकलं. झोप लागली असेल म्हणून तो बिचारा बराच वेळ खांदा न हलवता बसला. कंडक्टरने हाक मारली तेव्हा लक्षात आलं. ड्रायव्हरने गाडी तशीच दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी बाहेर येऊन मान हलवली तेव्हा अख्खी गाडी आवारात उभी होती. कंडक्टर मला म्हणाला, "मी म्हटलं, दुसऱ्या गाडीत बसवून देतो. एक माणूस हललं नाही, ताई. लग्नाला निघालेले होते त्यातले काही."

रात्रीतून सगळ्या खानदेशाला कळलं. ज्याच्या त्याच्या स्टेटसला नाना. सकाळी धुळे स्टँडवर नानांच्या जुन्या केबिनमधल्या नियंत्रकाने साक्री, शिरपूर, नंदुरबारच्या गाड्या सांगितल्या आणि मग म्हणाला, "प्रवाशांना कळवण्यात येतं की आपले भिकननाना..." पुढे नुसता भोंगा खरखरला. स्टँडवरच्या रसवंतीपासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांनी दुपारपर्यंत दुकानं बंद ठेवली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

देवपुरातल्या त्यांच्या गल्लीत शिरायला आम्हाला तास लागला. पुढाऱ्यांचे फ्लेक्स रात्रीतच लागले होते. फ्लेक्सवाल्याने नानांना इतकं गोरं केलं होतं की संदीप म्हणाला, हे कोण? रांगेत मी ओळखीचे चेहरे शोधत होते. असोद्याची ती मुलगी आजोबांचा हात घट्ट धरून उभी होती. रेखा आली होती, आईला घेऊन. ती आता चोपड्याला शिवणकाम करते. अमळनेरकडची मुलगी दिसली नाही. तिने न येणंच बरोबर होतं. काही जणांनी आपली जुनी नोटीस प्लास्टिकमध्ये घालून आणली होती. ती दाखवून म्हणत होते, हा मी, हा मी.

पांझरेच्या काठी स्मशानात सुरेशशेठनी माईक लावला होता. भाषणं सुरू झाली. एक नेते नाना आणि ते किती जवळचे होते हे सांगत होते. तेवढ्यात एक पोरसवदा शेतकरी घामाघूम होऊन माझ्यापाशी आला. "ताई, तुम्ही नानांच्या ऑफिसातल्या ना? मनी माय दवडी गयी. आम्ही शिंदखेड्याकडून टेम्पो करून आलो. आत्ता होती सोबत. तिले कमी दिसस."

मी सुरेशशेठकडे पाहिलं. ते नेत्यांकडे बघत होते. मध्येच थांबवायचं कसं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. नानांचा मुलगा प्रशांत चितेजवळ उभा होता, नुकतंच मुंडण केलेला, ओलेत्या पंच्यात. पुण्याला नोकरी करतो. स्वभावाने अबोल. वडिलांचा कार्यक्रम त्याने फारसा पाहिला नसावा. आमची कुजबुज त्याने ऐकली. हातातलं बाजूला ठेवलं, चालत माईकपाशी गेला आणि नेत्यांना म्हणाला, "काका, एक मिनिट."

मग माईकवर म्हणाला, "थांबा सगळे. एक मावशी हरवल्यात. त्या सापडेपर्यंत पुढचं काही होणार नाही." आणि त्या शेतकऱ्याला विचारलं, "नाव काय? कपडे कसे? पायात काय?"

त्याला माहीत होतं. "मना धाकल्या पोरना बूट. शाळाना. काळा. बिनलेसना."

प्रशांतने ते दोनदा सांगितलं. पलीकडच्या पुलापर्यंत पसरलेली सगळी गर्दी एकदम खाली बघायला लागली. माणसं आपापल्या आजूबाजूचे पाय बघत हळूहळू सरकत होती. माईकपाशी नेतेसुद्धा वाकून बघत होते.

म्हातारी लाकडांच्या वखारीजवळ लाकडं तोलायच्या काट्याच्या पाटावर बसलेली सापडली. दोघांनी धरून आणलं तर ती त्यांच्यावरच चिडली. "मी कोठे दवडी गऊ? मी ते नानाले देखाले उनू. कोनी पुढे जाऊ देत नही!"

प्रशांतने तिला हात धरून पुढे नेलं. तिने डोळ्यांशी चेहरा नेऊन नानांना नीट पाहिलं, कपाळावरून हात फिरवला, आणि आपल्या मुलाला म्हणाली, "चाल." मग अग्नी दिला. भाषणं राहिली ती राहिलीच.

आमच्याकडे नंतर तीन दिवस नानांच्या जुन्या कार्यक्रमांचे तुकडे दाखवले. ते निवडताना संदीपला त्या शेवटच्या गुरुवारचं रेकॉर्डिंग मिळालं. कार्यक्रम संपल्यावर तो कॅमेरा बंद करायला विसरला होता. सुरेशशेठ म्हणाले, हे दाखवू, लोक रडतील. मी म्हटलं, हे त्यांच्या घरचं आहे. मोबाईलवर घेऊन मी तेराव्याला धुळ्याला गेले.

जेवणं उरकली होती. सुशीलाअक्का, नानांच्या मंडळी, मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांशी त्या नीट बोलत होत्या, पण मी जवळ बसल्यावर हळूच म्हणाल्या, "ताई, एक गोट सांगू? कोनले सांगेल नही. त्या दिनले त्यासना फोन उंथा. माले धड ऐकू उनं नही. गॅसवर दूध उतू जाई राहिंथं. मी वरडनू, घर या मंग बोला, आनि फोन आपटी दिना. नंतर पिशवीमा वांगा निंघनात, भरीतना. तेच इचारी ऱ्हायनात व्हतीन. रागमाच गाडीमा बठनात व्हतीन त्या."

नाना रागातच गाडीत बसले असतील, हे तेरा दिवस त्या मनात घेऊन बसल्या होत्या.

मी मोबाईल काढला आणि त्यांच्या हातात दिला.

पडद्यावर नाना टेबलामागे बसलेले. कॉलरचा माईक काढून ठेवला, पाणी प्यायले, खिशातून फोन काढून लावला. "सुशी... हॅलो! वांगा लिसन येस. वांगा! भरीतना!... अवं, कान फुटनात का तुना?" मग त्यांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. "ठेवी दिना," ते म्हणाले. आणि हसायला लागले. खांदे हलेपर्यंत हसले. चष्मा काढून डोळे पुसले. समोर संदीप असावा, त्याला म्हणाले, "चाळीस वरीस व्हयनात, एकदाव बी मना फोन पुरा ऐका नही तिनी." हसतच उठले, खुर्चीला लावलेली पिशवी घेतली आणि बाजूला गेले. मागे रिकामी खुर्ची राहिली, आणि तिकडून जिन्यावरून त्यांचं कुणाशी तरी चाललेलं बोलणं थोडा वेळ ऐकू येत राहिलं.

अक्कांनी मोबाईल डोळ्यांच्या अगदी जवळ धरला होता.

"हासनात," त्या म्हणाल्या. "हासनात ना त्या?"

"हो, अक्का."

त्यांनी पदराने मोबाईलची काच पुसली आणि माझ्याकडे दिला.

"आखो एकदाव लाव."